पोपटानं काढलेलं चित्र

आज जे सांगणार आहे त्याची सुरुवात एका पोपटापासून होते. साल १९८३. मी अकरा-बारा वर्षांचा असेन. आमच्या गावचा बाजार सोमवारचा. मिरची-मसाल्याच्या ओळीच्या टोकाला, पिंपळाच्या पारावर एक पोपटवाला बसायचा. समोर कळकट पिंजरा आणि पिंजऱ्यापुढं पाकिटांची रांग. चार आणे दिले की तो पिंजऱ्याचं दार उघडायचा. पोपट तुरुतुरु चालत यायचा, चोचीनं एक पाकीट ओढायचा, भाताचं शीत खायचा आणि मुकाट्यानं आत जायचा. पाकिटातून एक चित्र निघायचं. मग पोपटवाला त्या चित्रावरून समोरच्याची कहाणी सांगायचा.

त्या सोमवारी माझी दादी त्याच्यासमोर उकिडवी बसली. माझे अब्बा मुंबईत, लोअर परळच्या एका गिरणीत साचा खात्यात कामाला होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरणीबाहेर आले, त्यांत अब्बाही होते. पहिले काही महिने पत्रं येत होती. मग मनीऑर्डर थांबली. नंतर पत्रंही थांबली. पोस्टमन आमच्या घरावरून जाताना मान खाली घालून जायचा.

दादी म्हणाली, ‘‘भाऊ, मेरा बेटा बंबई में है. चिठ्ठी नै आती. कब आता, इत्ता देख.’’

पोपटानं पाकीट ओढलं. चित्र निघालं वनवासाला निघालेल्या राम-सीता-लक्ष्मणाचं. पोपटवाल्यानं चित्राकडं ओझरतं पाहिलं. दादीकडं मात्र बराच वेळ पाहिलं. तिचा विटलेला पदर पाहिला, माझ्या पायात चपला नव्हत्या तेही पाहिलं. मग म्हणाला, ‘‘चाची, वनवास आहे. पण वनवासाला मुदत असते. तुमचा मुलगा येणार.’’

दादीनं डोळे पुसले, चार आणे दिले आणि घरी जाताना मला बजावलं, ‘‘मौलवीसाहब को मत बोल.’’ नशीब काढून बघणं आमच्या धर्मात बसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी त्या चित्राची पुढची गोष्ट रचली. तिच्यात अब्बा जंगलातून चालत येत होते. वाटेत नदी लागली, नावाडी भेटला, नावाड्यानं पैसे घेतले नाहीत. ती माझी पहिली गोष्ट. कागदावर उतरली नाही, पण गोष्टच होती ती.

पुढं कविता लिहू लागलो, बी.ए. झालो, थोडंफार वाचन झालं. तेव्हा लक्षात आलं की, पारावर मी पाहिला तो प्रकार फार जुना आहे. हाताला येईल ते चित्र घ्यायचं आणि त्यावरून गोष्ट सांगायची, हे माणूस शतकानुशतकं करत आला आहे. राजांनी केलं, कवींनी केलं, डॉक्टरांनी केलं. आज त्याचाच थोडा इतिहास सांगतो.

आमच्याकडं ‘फाल काढणं’ म्हणतात. फाल म्हणजे शकुन. सोळाव्या शतकात इराणमध्ये शाह तहमास्प राज्य करत होता. १५२४ ते १५७६ हा त्याचा काळ. त्याच्या पदरी जगातले उत्तमोत्तम चित्रकार होते. १५५० नंतरच्या दहा-बारा वर्षांत त्याच्यासाठी एक प्रचंड ग्रंथ तयार झाला, त्याचं नाव फालनामा. पान जवळजवळ दोन फूट उंचीचं. एका पानावर चित्र, समोरच्या पानावर मजकूर. आदम आणि हव्वा जन्नतमधून बाहेर पडताहेत, मूसाची काठी अजगर झाली आहे, अशी पैगंबरांच्या कथांमधली चित्रं. हा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्यासाठी नव्हताच. वजू करायची, दुआ म्हणायची, मनात नियत धरायची, म्हणजे आपला प्रश्न मनात पक्का करायचा आणि डोळे मिटून पुस्तक उघडायचं. जे चित्र निघेल ते आपलं. समोरचा मजकूर विचारणाऱ्यालाच उद्देशून असे. फाल चांगली की वाईट, प्रवास करावा की थांबावा, सबुरी ठेवावी की दानधर्म करावा, हे तिथं सांगितलेलं असे.

गंमत पाहा. हाच तहमास्प धर्माच्या बाबतीत अतिशय कडक. १५५६ मध्ये त्यानं जाहीर फर्मान काढून दारू, गाणंबजावणं असल्या गोष्टींवर बंदी घातली. आणि साधारण त्याच सुमाराला त्याच्याकडं फालनामा रंगत होता. म्हणजे ‘मौलवीसाहब को मत बोल’ म्हणणारी माझी दादी एकटी नव्हती! भविष्याची भीती दाराशी येते तेव्हा राजा काय आणि गिरणी कामगाराची आई काय, दोघांनाही एखादं चित्र हवं असतं.

तहमास्पच्या फालनाम्याची पानं आज सुटी होऊन जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत. तुर्कस्तानच्या सुलतान अहमद पहिला याच्यासाठीही सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असाच ग्रंथ झाला, तो इस्तंबूलला तोपकापी राजवाड्यात आहे. ही कल्पना आपल्या दख्खनपर्यंतही पोचली होती. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झालेला सचित्र फालनामा आज खलिली यांच्या संग्रहात आहे. ही बातमी मी वाचली तेव्हा मला आमच्या बाजारातला पार आठवला. गोवळकोंडा काही आमच्यापासून सातासमुद्रापार नाही.

पण फालनाम्यात एक उणीव आहे. चित्र योगायोगानं निघतं खरं, पण त्याचा अर्थ आधीच लिहून ठेवलेला असतो. विचारणाऱ्यानं फक्त ऐकायचं. गोष्ट त्याची, शब्द मात्र दुसऱ्याचे. हे शब्द माणसाच्या स्वतःच्या हातात कसे आले, ते पाहायचं तर पत्त्यांकडं वळावं लागतं.

पत्त्यांचा प्रवासही मोठा मजेचा आहे. इजिप्तच्या मामलुकांकडचे पत्ते चौदाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोचले. त्यांच्या पत्त्यांत ‘नायब’ असायचा, म्हणजे राजाचा प्रतिनिधी. त्यावरून स्पॅनिश भाषेत पत्त्यांना आजही ‘नाइपेस’ म्हणतात. आपल्याकडं मोगलांबरोबर गंजिफा आला. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढं आपल्या सावंतवाडीत त्याचे गोल, लाखेनं चकचकणारे दशावतारी पत्ते झाले. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा, एकूण १२० पत्ते. फारसी नावाच्या पत्त्यांवर मत्स्य-कूर्म-वराह विराजमान झाले आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

इकडं इटलीत पंधराव्या शतकात साध्या पत्त्यांत बावीस चित्रांची भर पडली. बादशहा, साधू, मृत्यू, सूर्य, चंद्र, दैवाचं चाक, वेडा. हेच टॅरोचे पत्ते. आज टॅरो म्हटलं की भविष्य आठवतं, पण भविष्यासाठी त्यांचा वापर मुख्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावला. त्याआधी तीनशे वर्षं तो एक खेळ होता.

आणि त्या खेळातून कवींनी काय केलं ते ऐका. तेओफिलो फोलेंगो नावाचा इटालियन कवी होता. पेशानं साधू, वृत्तीनं मिश्कील. १५२७ मध्ये, म्हणजे बाबरानं सिंधला गंजिफा पाठवला त्याच साली, त्याचं एक पुस्तक व्हेनिसला छापलं गेलं. त्यात एक प्रसंग आहे. चार स्त्री-पुरुष टॅरोची चित्रं आपसांत वाटून घेतात आणि एका कवीला गळ घालतात की, आमच्या वाट्याला आलेल्या पत्त्यांवरून आमच्या नशिबाची सुनीतं करून दे. बिचारा कवी करतो. ज्याच्या हाती जी चित्रं, तीच त्याच्या सुनीतात यायला हवीत, एकही गाळायचं नाही. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. लग्नकार्यात, सत्कारसमारंभात ‘दोन ओळी म्हणा की आमच्यावर’ असा आग्रह कुठल्या कवीला झाला नाही?

पुढं सुमारे साडेचारशे वर्षांनी इटलीच्याच एका थोर कथाकारानं हा धागा उचलला. इतालो काल्विनो. जुलै १९६८ मध्ये उर्बिनो इथल्या एका परिसंवादात पाओलो फाब्री या अभ्यासकानं पत्त्यांवरून भविष्य सांगण्याच्या भाषेविषयी निबंध वाचला. काल्विनोच्या डोक्यात किडा वळवळू लागला. पत्ते हेच गोष्ट सांगण्याचं यंत्र झालं तर? मिलानच्या सरदार घराण्यासाठी पंधराव्या शतकात रंगवलेल्या टॅरोच्या जोडातले ७४ पत्ते आज शिल्लक आहेत. त्यांची चित्रं छापणाऱ्या एका देखण्या ग्रंथासाठी त्यानं १९६९ मध्ये कथा लिहिल्या. त्यात नव्या कथांची भर पडून १९७३ मध्ये त्याचं ‘एकमेकांना छेदणाऱ्या नशिबांचा किल्ला’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक आलं.

कल्पना अशी. घनदाट जंगल ओलांडून काही प्रवासी एका किल्ल्यात येतात. जंगलात काय घडलं कोण जाणे, सगळ्यांची वाचा गेली आहे. जेवणं होतात. टेबलावर पत्त्यांचा जोड असतो. एक जण स्वतःसारखा दिसणारा पत्ता उचलून मध्ये ठेवतो, त्याच्याशेजारी दुसरा, तिसरा. बोलता येत नाही म्हणून तो आपली कर्मकहाणी पत्त्यांनी सांगू लागतो. दुसरा प्रवासी त्याच्या पत्त्यांना आपले पत्ते जोडतो. शेवटी टेबलावर एक चौकट तयार होते. ती आडवी वाचा, उभी वाचा, उलटी वाचा, प्रत्येक वेळी वेगळी गोष्ट. तोच पत्ता एकाच्या गोष्टीत एक आणि दुसऱ्याच्या गोष्टीत भलतंच काही होतो. काल्विनोनं पुस्तकाला जोडलेल्या टिपणात कबूल केलं आहे की, या पत्त्यांनी त्याला अक्षरशः झपाटलं. दिवसेंदिवस तो चौकटी मांडत होता आणि मोडत होता. शेवटी यातून सुटका व्हावी म्हणून त्यानं पुस्तक छापून टाकलं.

मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. वाचा गेलेल्या माणसाला चित्रानं बोलतं केलं. ज्याला ‘माझं असं असं झालं’ म्हणता येत नाही, तो ‘या चित्रातल्या माणसाचं असं झालं’ असं म्हणू शकतो.

हेच नेमकं अमेरिकेतल्या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी त्याआधी हेरलं होतं. हेन्री मरे आणि क्रिस्टिआना मॉर्गन ही त्यांची नावं. मरे यांच्या एका विद्यार्थिनीचा मुलगा आजारी होता आणि अंथरुणात पडून मासिकांतली चित्रं बघत त्यांवर गोष्टी रचत होता. तिनं वर्गात विचारलं, दवाखान्यात अशी चित्रं वापरता येणार नाहीत का? तिथून चाचणी जन्मली. १९३५ मध्ये तिच्यावरचा लेख आला, १९४३ मध्ये तिचा ३१ पत्त्यांचा संच निघाला. त्यात एक पत्ता चक्क कोरा. चित्र पाहायचं आणि गोष्ट सांगायची. आधी काय झालं असेल, आता काय चाललं आहे, पुढं काय होईल. १९६० मध्ये उमा चौधुरी यांनी आपल्या लोकांना ओळखीची वाटतील अशी चित्रं घेऊन तिचं भारतीय रूप केलं. आणि लष्करात अधिकारी व्हायला जाणारा प्रत्येक मराठी मुलगा हिला ओळखतो. एसएसबीत चित्र तीस सेकंद दिसतं, गोष्ट लिहायला चार मिनिटं. अशी अकरा चित्रं आणि बारावं कोरं.

हे मला कसं माहीत? कारण बी.ए. झाल्यावर मीही तिथं जाऊन आलो आहे. चित्रं धूसर होती. शेताच्या बांधावर कुणी उभा, खोलीत दोघं बसलेले, खिडकीशी एक बाई. मी भराभरा लिहीत गेलो. मला वाटत होतं, धाडसाच्या, जिद्दीच्या गोष्टी लिहितोय. निवड झाली नाही. त्याचं मला दुःख नाही, ते काम माझ्या अंगचं नव्हतंच. पण परतीच्या पॅसेंजरमध्ये मी लिहिलेल्या गोष्टी मनाशी उजळत बसलो आणि चरकलो. बांधावरचा माणूस कुणाची तरी वाट पाहत होता. खोलीतल्या दोघांपैकी एक जण नुकताच परगावाहून आला होता. खिडकीतली बाई एसटीच्या आवाजाकडं कान लावून होती. बाराच्या बारा नाही, पण आठ-नऊ गोष्टींत कुणीतरी घरी परत येत होतं. कोऱ्या कागदावर तर मी सरळ एक पत्र्याची ट्रंक काढली होती, दाराशी ठेवलेली.

अब्बा आले होते, हे सांगायचं राहिलं. १९८४ च्या पावसाळ्यात आले. हातात तीच ट्रंक. संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, पण गिरणीत त्यांचं काम उरलं नव्हतं. नंतर ते गावात सायकल दुरुस्ती करत राहिले. मुंबईविषयी, त्या दोन वर्षांविषयी ते कधीही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. ट्रंक मात्र माळ्यावर होती आणि ती माझ्या प्रत्येक गोष्टीत आपोआप येत होती.

तेव्हापासून मला एक खात्री पटली आहे. चित्र योगायोगानं येतं, गोष्ट योगायोगानं येत नाही. ‘तुझ्या मनातलं लिही’ म्हटलं की माणूस मनाचं दार लावून घेतो. पण हातात एखादं परकं चित्र दिलं तर तो बेसावध होतो, आणि जे आत असतं ते पाठीमागच्या दारानं बाहेर येतं.

गेली काही वर्षं मी तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी मुलांना बसवतो. कापडी पिशवीत चित्रं भरलेली असतात. जुनी कॅलेंडरं, साबणाची वेष्टनं, लग्नपत्रिका, वर्तमानपत्रातल्या जाहिराती. डोळे मिटून एक काढायचं, बदलून मागायचं नाही, आणि वीस मिनिटांत गोष्ट लिहायची. नियम कडक ठेवावा लागतो, नाहीतर सगळी पोरं क्रिकेटवीरच शोधत बसतात!

एकदा ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली एक मुलगी बसली होती. सातवीत असेल. तिला रंगाच्या कंपनीची जाहिरात आली. निळं दार, पांढरी भिंत, दारात कुणी नाही. तिनं लिहिलं होतं की, या घराला दिवाळीनंतर कुलूप लागतं. कुलूप सहा महिने एकटं असतं. त्याला भूक लागत नाही, पण करमत नाही. रात्री ते शेजारच्या कुलपाशी बोलतं, कारण त्या गल्लीत सगळ्याच दारांना कुलपं आहेत. चैत्रात किल्ली येते तेव्हा ते गंजलेलं असतं, लवकर उघडत नाही, आणि घरच्यांना वाटतं, ते रुसलंय.

वाचून झाल्यावर कुणी बोललं नाही. मग आमच्या एका शिक्षकमित्रानं प्रेमानंच विचारायला तोंड उघडलं, ‘‘हे तुझंच घर ना गं?’’ मी त्यांचा हात दाबला. ती मुलगी मान वर करून सगळ्यांकडं पाहत होती. कुलपाची गोष्ट तिनं आम्हाला दिली होती, घराची दिली नव्हती. विचारलं असतं तर पुढच्या वेळी तिनं चांदोबाची गोष्ट लिहिली असती.

या सगळ्या इतिहासात मला सलणारी बाब हीच आहे. फालनाम्यात अर्थ दुसऱ्यानं लिहून ठेवलेला. चाचणीत गोष्ट माणसाची, पण ती वाचून त्याला जोखणारा टेबलापलीकडं बसलेला. आणि माझ्यासारख्याला याचा अनुभव एरवीही येतो. मराठी कविसंमेलनात माझं नाव पुकारलं जातं तेव्हा मी उठून माइकपर्यंत पोचण्याआधीच काही लोकांनी माझी गोष्ट रचलेली असते. हा उर्दू शेर ऐकवणार, असं कुणाला वाटतं. कुणी नंतर येऊन म्हणतं, ‘‘तुम्ही मराठी छान बोलता हो!’’ मी हसतो. ज्या भाषेत आमच्या पोस्टमननं मान खाली घातली, ती माझीच भाषा आहे. नाव हेही एक चित्रच, न मागता वाट्याला आलेलं. त्यावरून गोष्ट सांगायचा पहिला हक्क ते नाव वागवणाऱ्याचा असावा, एवढंच माझं म्हणणं.

पोपटवाले आता दिसत नाहीत. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला कायद्याची मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. पण पिशवीत हात घालायला पोपट लागत नाही. ही पुरवणी वाचून झाली की रद्दीत टाकण्यापूर्वी तिच्यातली पाच-सहा चित्रं कापा. घडी करून एखाद्या डब्यात ठेवा. रात्रीची जेवणं झाली की घरातल्या प्रत्येकानं एक काढावं आणि गोष्ट सांगावी. आजीला पहिला मान द्या. आणि गोष्ट सांगून झाल्यावर, ही तुझीच का, असं मात्र कुणी कुणाला विचारू नका.

अब्बा आले त्या संध्याकाळी दादी चुलीपुढं होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, ट्रंकेकडं पाहिलं, आणि मला हाक मारून म्हणाली, ‘‘पानी दे उसको. मुदत हो गई.’’ अब्बांना काही कळलं नाही. मी पाणी आणायला पळालो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)